समाजमाध्यमांवरील निधनवार्ता व मदतीचे आवाहन

व्हॉट्सॲप, फेसबुक, टेलिग्राम अशा माध्यमांवरील गटांत सदस्याच्या किंवा परिचिताच्या मृत्यूची बातमी देण्याची, आणि पुष्कळदा तिच्यापाठोपाठ त्याच्या कुटुंबासाठी पैसे गोळा करण्याची प्रथा. भावकी, गावकरी, माजी विद्यार्थी, सोसायटी, कर्मचारी संघटना, गणेश मंडळ अशा जवळजवळ प्रत्येक मराठी गटात ती आढळते. लिखित नियम क्वचितच असतात. ॲडमिन ठरवील ती पूर्वदिशा.

मृत्यूची बातमी पूर्वी कोणाच्या तरी हातून येई. गावात निरोप्या दारात उभा राहून सांगे, परगावी तार जाई. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ‘तार आली’ एवढ्यावरच घरात रडारड सुरू होण्याचा काळ अनेकांच्या आठवणीत आहे. वृत्तपत्रात निधनाची जाहिरात द्यायची तर मजकूर देणाऱ्याला नाव, पत्ता, सही द्यावी लागे. प्रसंगी मृत्यूचा दाखला किंवा स्मशानभूमीची पावती दाखवावी लागे. निरोप्या, तारमास्तर आणि जाहिरात घेणारा कारकून या तिघांमुळे बातमी कोणाकडून आली हे कळायचे. गटात हे तिघेही नाहीत. त्यांचे काम ॲडमिनवर येऊन पडले आहे आणि बहुतेक ॲडमिनना त्याची कल्पना नसते.

खोटी निधनवार्ता दरवेळी खोडसाळपणातून येते असे नाही. लोकसभेच्या माजी अध्यक्ष सुमित्रा महाजन यांच्या निधनाची बातमी एप्रिल २०२१ मध्ये पसरली. एका ज्येष्ठ खासदारानेही श्रद्धांजली वाहिली आणि त्या सुखरूप असल्याचे कळताच ती मागे घेतली. अभिनेते विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात अत्यवस्थ असताना २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्यांचे निधन झाल्याचे सर्वत्र फिरले. कुटुंबीयांना जाहीरपणे इन्कार करावा लागला. प्रत्यक्ष निधन झाले ते २६ नोव्हेंबरला. दोन्ही वेळा बातमी पुढे ढकलणाऱ्यांत जबाबदार, नावाजलेली माणसे होती. त्यांना घाई होती ती श्रद्धांजली वाहण्यात मागे न राहण्याची.

व्हॉट्सॲपने भारतात २०१८ मध्ये संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली; २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. अशा मर्यादांनी देशभर फिरणारी अफवा मंदावते. तालुक्यातल्या निवृत्त मास्तरांच्या निधनाची वार्ता मात्र त्यात अडकत नाही, कारण ती कोणीतरी स्वतः टाइप करतो. तेथे उपाय एकच, घरच्या माणसाला किंवा घरी पोहोचलेल्या शेजाऱ्याला फोन. ‘अमुक गटावर आले आहे’ ही खात्री नव्हे. दहा गटांवर आलेली वार्ता एकाच माणसाच्या ऐकीव माहितीतून निघालेली असू शकते.

खात्री झाली तरी वार्ता लगेच द्यावीच असे नाही. मुलगा पुण्याहून गाडीने निघालेला असतो, त्याला ‘बाबांची तब्येत बिघडली आहे, ये’ एवढेच सांगितलेले असते. म्हाताऱ्या आईला थोरला पोहोचल्यावर सांगायचे ठरलेले असते. अशा वेळी गटावर पडलेला हार घातलेला फोटो वाटेतच मुलाच्या हाती पडतो. म्हणून ‘गटावर टाकू का?’ हा प्रश्न घरच्यांना विचारणे हा समंजस गटांतला पहिला नियम असतो. त्याच फोनवर नेत्रदानाचा विषयही निघू शकतो. नेत्रपटल साधारण सहा तासांच्या आत काढावे लागते, त्यामुळे हा प्रश्न वार्तेच्या आधीचा आहे, नंतरचा नाही.

चांगल्या वार्तेत थोडेच असते: पूर्ण नाव व गाव, वय, अंत्ययात्रा कोठून व किती वाजता, अंत्यविधी कोठे, आणि संपर्कासाठी एक क्रमांक, शक्यतो घरातल्यांचा नव्हे तर पुतण्याचा, मेहुण्याचा किंवा शेजाऱ्याचा. ‘आमचे वडील आज पहाटे वारले. अंत्ययात्रा दुपारी १२ वाजता राहत्या घरून निघेल,’ इतके पुरते. पुढचे विधी घराघराप्रमाणे बदलतात: कोणाकडे सावडणे आणि दशक्रिया, कोणाकडे जलदान व पुण्यानुमोदन, कोणाकडे दफनविधी, कोणाकडे मिस्सा. वार्ता लिहिणाऱ्याने आपल्या घरचा शब्द दुसऱ्याच्या घरावर चिकटवू नये. बौद्ध कुटुंबाच्या वार्तेत ‘स्वर्गवासी’ लिहून माफी मागण्याची वेळ अनेक ॲडमिनांवर येते. मृतदेहाचा किंवा अतिदक्षता विभागातला फोटो, मृत्यूचा दाखला, आधार कार्ड यांना वार्तेत जागा नाही. दाखल्यावरचे क्रमांक फसवणुकीच्या धंद्यात उपयोगी पडतात.

मृत्यूचे कारण देण्याची सक्ती नसते. लोक विचारतातच, ‘काय झालं होतं?’ आणि तेही सगळ्यांसमोर. आत्महत्येच्या बाबतीत तर कारण, पद्धत, ठिकाण, चिठ्ठी यांतले काहीही देऊ नये. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये वृत्तपत्रांसाठी स्वीकारलेली तत्त्वे पद्धतीचे व ठिकाणाचे तपशील टाळायला सांगतात आणि दोनशे जणांच्या गटालाही ती तंतोतंत लागू पडतात, कारण त्या दोनशेंत कोण कोणत्या अवस्थेत वाचतो आहे हे कोणालाच ठाऊक नसते. अशा वार्तेखाली केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक देण्याची पद्धत काही गटांत आहे. ती उचलण्याजोगी आहे.

वार्ता पडल्यावर जे होते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, हात जोडल्याची चिन्हे, पुन्हा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्येच कोणाचा तरी फुलांचा सुप्रभात, एखाद्या बिचाऱ्याचा वाढदिवस. अंत्ययात्रेची वेळ दीडशे संदेशांच्या वर निघून जाते आणि लोक ‘किती वाजता?’ विचारू लागतात. मूळ संदेश पिन करणे किंवा काही तास फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय चालू करणे हे दोन्ही उपाय व्हॉट्सॲपमध्ये आहेत. दुसऱ्यावर लोक रागावतात. श्रद्धांजली वाहू न देणे म्हणजे मयताला न जाण्यासारखे वाटते. हा राग चुकीचा म्हणता येत नाही, म्हणून तो उपाय फार वेळ ताणू नये.

मदतीचे आवाहन हा या प्रथेचा अवघड भाग. मृत्यूची वार्ता आणि पैशाची विनंती एकाच संदेशात कधीही नसावी. दुःखाच्या पहिल्या तासात लोक चौकशी न करता पैसे पाठवतात. फसवणारे त्याच तासाची वाट पाहत असतात. शिवाय घरच्यांनी मदत मागितलेलीच नसते असेही होते. उत्साही मित्र परस्पर आवाहन करतो, आणि चार दिवसांनी विधवेला कळते की आपल्या नावाने गावभर वर्गणी फिरली. तिच्या लेखी ती मदत नसते, अपमान असतो.

खाते कोणाचे, हा पुढचा प्रश्न. मृताचाच यूपीआय क्रमांक देण्याची चूक सर्रास होते, कारण तो सगळ्यांकडे असतो. बँकेला मृत्यूची सूचना मिळताच खाते गोठते आणि आत पडलेले पैसे नामनिर्देशित व्यक्ती किंवा वारस कागदपत्रे पूर्ण करीपर्यंत निघत नाहीत. दीर, सासरा, ‘आपला विश्वासू’ कार्यकर्ता यांची खाती सोयीची दिसतात. तंटे बहुधा तेथूनच उगवतात. पत्नीच्या, किंवा ज्याच्यावर घर चालणार त्याच्या, स्वतःच्या खात्यात थेट रक्कम जावी हे उत्तम. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर येणारे बँकेतील नाव वाचावे, क्यूआर कोडच्या चित्रावर छापलेले नाव नव्हे. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधीचा खरा पत्ता ‘पीएमकेअर्स@एसबीआय’ असा असताना शेवटचा ‘स’ गाळून ‘पीएमकेअर@एसबीआय’ असा बनावट पत्ता फिरवला गेला होता. पंतप्रधानांच्या नावाच्या निधीची ही गत, तर तालुक्यातल्या आवाहनाची काय कथा! फसवणूक लक्षात आली तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसा दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पांगण्यापूर्वी तो अडवता येण्याची शक्यता तेवढीच असते.

कायद्याची बाजू फारशी कोणी पाहत नाही. सार्वजनिक कारणासाठी जनतेकडून वर्गणी जमवायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क कडे बघावे लागते. गणेश मंडळे धर्मादाय आयुक्तालयाची तात्पुरती परवानगी घेतात ती याच कलमाखाली. ओळखीच्या पन्नास जणांनी एका घराला थेट दिलेले पैसे ही निराळी गोष्ट. आवाहन गटाबाहेर जाऊन तिऱ्हाइतांचे पैसे एखाद्याच्या खात्यात साठू लागले की मात्र हिशेब द्यावाच लागेल असे समजून चालावे. प्राप्तिकराचेही आहे: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली तर ती सगळीच्या सगळी उत्पन्न धरली जाते. कोविडने झालेल्या मृत्यूंसाठी इतरांकडून आलेल्या १० लाख रुपयांपर्यंतच्या मदतीला पुढे सूट देण्यात आली. ती सरसकट सर्व मृत्यूंना नाही. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाने दिलेल्या रकमेला हा नियम लागत नाही, म्हणून मोठी मदत अशा न्यासामार्फत देणे शहाणपणाचे. देणाऱ्यालाही देणगीवरची प्राप्तिकराची वजावट न्यासाच्या पावतीवरच मिळते, कुटुंबाला थेट दिलेल्या पैशांवर नाही. गटातील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला केवळ त्या पदामुळे जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. पण ॲडमिनने स्वतःच पैसे गोळा केले तर ही ढाल कामाची नाही.

आजारपणासाठीची आवाहने वेगळ्या मापाची असतात. २०१० पासून मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू अशी लोकवर्गणीची संकेतस्थळे निघाली आणि रुग्णालयाचे अंदाजपत्रक जोडण्याची पद्धत रुळली. २०२१ मध्ये स्नायूंच्या दुर्मीळ आनुवंशिक आजाराने ग्रासलेल्या मुंबईतील एका बाळासाठी सुमारे १६ कोटी रुपये किमतीचे इंजेक्शन अशा वर्गणीतून आले. केंद्र सरकारने त्यावरील सुमारे ६ कोटींचे कर माफ केले. अशा मोहिमेत रुग्ण दगावला तर उरलेल्या पैशांचे काय, हे आवाहनातच लिहिलेले असावे. क्वचितच असते. साध्या उपचारांसाठी आवाहन करण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा पाहाव्यात: १० टक्के निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत.

मृत्यूनंतरही बऱ्याचदा कुटुंबाचे हक्काचे पैसे पडून असतात, आणि वर्गणीपेक्षा ते मोठे असतात. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे २ लाख. २० रुपये कापले जात असतील आणि मृत्यू अपघाती असेल तर सुरक्षा विम्याचे २ लाख. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाचा नोकरीत असताना मृत्यू झाल्यास ठेवसंलग्न विम्याचे ७ लाखांपर्यंत. दारिद्र्यरेषेखालील घरातला कर्ता गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,०००, शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून २ लाख. पासबुकातली ती ४३६ रुपयांची ओळ शोधून दावा भरून देणारा गटातला निवृत्त बँक कर्मचारी शंभर ‘भावपूर्ण’ लिहिणाऱ्यांहून अधिक उपयोगाचा.

परदेशातील मराठी मंडळांपुढे प्रश्न येतो तो पार्थिव मायदेशी आणण्याचा. तेथे मंडळी बहुधा गोफंडमी या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर निधी उभारतात. भारतीय दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे आणि गरजू कुटुंबांना त्यातून मदत मिळू शकते, हे आवाहन करणाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसते. उलट दिशेने, भारतातील संस्थेला पैसे पाठवताना भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासीची देणगी परकीय ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या सख्ख्या भावाची मात्र ठरते आणि संस्थेकडे त्यासाठी स्वतंत्र नोंदणी लागते.

मृताच्या खात्यांचे काय करायचे, हा विषय वर्षश्राद्धापर्यंत कोणी काढत नाही. फेसबुकवर कुटुंबीयांच्या विनंतीवरून खाते स्मृतिरूपात ठेवता येते. मग त्याच्या वाढदिवसाच्या आठवणी इतरांना जात नाहीत. आपल्यामागे खाते सांभाळणारा ‘वारसदार संपर्क’ हयातीतच नेमून ठेवता येतो, पण त्याला खासगी संदेश वाचता येत नाहीत. गूगलच्या अशाच सोयीत ३ ते १८ महिने खाते वापरात नसेल तर नेमलेल्या व्यक्तींना कळवले जाते. व्हॉट्सॲपची गोष्ट क्रमांकाशी बांधलेली आहे. रिचार्ज थांबला की क्रमांक बंद होतो आणि किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. त्यामुळे घरच्यांनी फोनमधले फोटो व संभाषणे काढून घेतल्यावर त्यांना विचारून ॲडमिनने तो क्रमांक गटातून वगळावा.