बरं वाटलं, पण कशामुळे?

समुपदेशनाला माणूस बहुधा त्रास अगदी टिपेला पोचल्यावर जातो. नंतर तो ओसरला, तर श्रेय समुपदेशनाचं की नुसत्या काळाचं? १९५२ साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. न्यूरोसिसचे (चिंता, भीती, उदासी अशा मानसिक त्रासांचे) सुमारे दोन तृतीयांश रुग्ण मानसोपचारांशिवायही दोन वर्षांत सुधारतात, असा त्यांचा दावा होता. त्यांची आकडेमोड वादग्रस्त ठरली. प्रश्न मात्र रास्त होता.

औषधाची चाचणी त्या मानाने सोपी. निम्म्या लोकांना हुबेहूब दिसणारी, पण औषध नसलेली गोळी द्यायची. तासभर कुणाशी बोलून आलेल्या माणसापासून ते कसं लपवणार? म्हणून तुलना कशाशी करायची, यावरच सगळी मदार. दुसऱ्या गटाला नुसतं प्रतीक्षायादीत ठेवलं तर उपचार आहे त्यापेक्षा गुणकारी भासतो, कारण ‘आपला नंबर येईल’ म्हणून थांबलेली माणसं स्वतःहूनही फारसं काही करत नाहीत.

गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेच्या मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ही पळवाट टाळली. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ प्रौढ रुग्ण. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसं दैवावर सोडलेलं. डॉक्टरांची निवड नाही की रुग्णाची. दोन्ही गटांच्या डॉक्टरांना रुग्णाच्या नैराश्याची कल्पना आणि उपचारांची मार्गदर्शक सूत्रं दिलेली. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ बैठका, त्याही मानसोपचारांची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांबरोबर. भर एकाच गोष्टीवर: सुटलेली कामं, भेटीगाठी, आवडीनिवडी हळूहळू पुन्हा सुरू करणं. तीन महिन्यांनी मोजमाप करणाऱ्यांना कोण कुठल्या गटातलं, हे सांगितलेलं नव्हतं.

२०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. बैठकांच्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. मला यातला ३९ हा आकडा जास्त मोलाचा वाटतो. तो नसता तर सगळे ६४ टक्के बैठकांच्याच खात्यावर जमा झाले असते. खरी कमाई २५ टक्क्यांची, म्हणजे दर चार जणांमागे एक जास्तीचा बरा. आणि तीही काही थोडी नाही. वर्षभरानंतर फरक कमी झाला, पण टिकून होता.

बैठकांतल्या नेमक्या कशाने गुण आला, हे मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. तीन महिन्यांत ज्यांची अशी कामं-भेटीगाठींची हालचाल वाढली होती, त्यांचं नैराश्य वर्षअखेरीस कमी होतं. पण हालचाल वाढल्यामुळे मन सावरलं, की मन सावरू लागल्यामुळे हालचाल वाढली? इथे गट पाडताना वापरलेली चिठ्ठी कामाला येत नाही, कारण कुणाची हालचाल वाढणार हे काही चिठ्ठीने ठरलं नव्हतं.