फुप्फुसातल्या गाठीला सुरी लागली की कर्करोग पसरतो?

‘गाठीला हत्यार लावू नये, वारा लागला की ती पसरते,’ हे वाक्य मालवणपासून दापोलीपर्यंत ओटीवर बसून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. फुप्फुसात तर दिवसभर हवाच खेळत असते, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. या समजुतीचे मूळ वेगळे आहे: पूर्वी रुग्ण मुंबईला पोहोचेपर्यंत रोग छातीभर पसरलेला असे, शल्यचिकित्सक छाती उघडून तशीच शिवून टाकत आणि महिनाभरात माणूस गेला की गाव सुरीला दोष देई. तपासणीसाठी सुईने गाठीचा तुकडा काढताना पेशी सांडून रोग वाढणे अत्यंत दुर्मीळ आहे.

तुरीच्या दाण्याएवढी गाठ खोकला किंवा रक्त असे काहीच दाखवत नाही आणि एक्स-रेत ती बरगडीआड सहज लपते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, 53 हजारांहून अधिक आजी-माजी धूम्रपान करणाऱ्यांवरील अमेरिकी चाचणीत, किरणांच्या कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत 20 टक्के घटले. अर्थात आपल्याकडे क्षयाचे जुने व्रणही स्कॅनवर ठिपके दाखवतात. म्हणून लहान ठिपका काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून वाढला का, ते पाहतात.

एक सेंटिमीटरपर्यंतची, इतरत्र न पसरलेली गाठ वेळीच काढल्यास दहापैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांना गाठीवरच नेमका रोखलेला किरणोपचार देता येतो.