घड्याळ बघून पाजलेलं बाळ

एक आई इस्त्री करत उभी आहे. तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलीबद्दल, एमिलीबद्दल, कुणीतरी काळजीनं विचारलंय, आणि कपड्यावर इस्त्री मागेपुढे फिरते तशी ती मनातल्या मनात उत्तर जुळवते आहे. टिली ओल्सन या अमेरिकी लेखिकेची ही कथा, ‘आय स्टँड हिअर आयर्निंग’, १९५६ साली वेगळ्या नावानं नियतकालिकात आली आणि १९६१ मध्ये ‘टेल मी अ रिडल’ या संग्रहात. आईला लागलेली रुखरुख इतक्या प्रामाणिकपणे मांडणाऱ्या कथा मी फार थोड्या वाचल्या आहेत.

कथेत सुरुवातीलाच एक जागा आहे, तिथे मी दर वेळी अडखळते. एमिली अंगावर पिणारी. ती रडून आकांत करायची, पान्हा दाटून आईची छाती दुखायची, तरी घड्याळात वेळ भरेपर्यंत आई तिला घेत नसे. का? पुस्तकांत तसं लिहिलं होतं म्हणून.

ही पुस्तकं खरोखरच होती. अमेरिकी सरकार १९१४ पासून ‘इन्फंट केअर’ ही पुस्तिका काढत होतं, आणि तिच्यात ठरल्या वेळीच पाजण्यावर भर असे. १९२८ मध्ये जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं तर मुलांना कुशीत घेऊ नका, पापे घेऊ नका, सकाळी हात मिळवा, असं सांगितलं. पहिलटकरीण पोर शास्त्राला विचारणार, आणि शास्त्र हे सांगणार.

त्यात १९२९ नंतरची आर्थिक महामंदी. एमिली आठ महिन्यांची असताना बाप निघून गेला. निराधार मुलांच्या आयांना केंद्र सरकारची मदत १९३५ च्या कायद्यानंतर सुरू झाली. या आईच्या वाट्याला ती आली नाही. काम, शेजारीण, सासरची माणसं, पाळणाघर असं करत मूल या हातातून त्या हातात गेलं. पुढे एमिली आजारपणानं खंगली, तेव्हा तिला मुलांच्या आरोग्यगृहात पाठवलं. तिथे आईची पत्रं तिला फक्त एकदा वाचून दाखवत, जवळ ठेवू देत नसत, कारण मुलांना स्वतःचं काही जवळ ठेवायला जागा नव्हती. त्याआधी एका रात्री आई आणि एमिलीचा नवा बाप थोडा वेळ बाहेर गेले. परतले तर दार उघडं, आणि घड्याळ जमिनीवर. ते मोठ्यानं बोलत होतं, भीती वाटली, म्हणून फेकून दिलं, असं ती चिमुरडी सांगते. ज्या घड्याळानं तिचं दूध अडवलं होतं, तेच हे, असं मला वाटत राहतं.

कथा लिहिली गेली तोवर वारं फिरलं होतं. १९४६ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. स्पॉक यांनी आयांना सांगितलं, स्वतःच्या मनाचं ऐका. १९४८ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचं मूळ आईच्या वागण्यात शोधलं, आणि १९५१ मध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठीच्या अहवालात आईच्या अखंड मायेवाचून मूल कसं खुरटतं ते मांडलं. म्हणजे रडणाऱ्या बाळाला उचलू नका असं जिला बजावलं होतं, तिलाच वीस वर्षांनी विचारलं गेलं की उचललं का नाहीस. ओल्सन आईला निर्दोष ठरवत नाही. चुका आई स्वतः मोजते, पण पगार, मंदी आणि पुस्तकंही त्याच हिशेबात मांडते.

ओल्सन चार मुलींची आई. नोकरी, कामगार संघटनेचं काम, घर. लिहिणं व्हायचं ते बसमध्ये उभ्या उभ्या, कामावरच्या चोरलेल्या क्षणांत, आणि मुली निजल्यावर रात्री. आपली छापण्याजोगी पहिली कथा इस्त्रीच्या वाक्यानं सुरू होते हा योगायोग नव्हे, असं तिनंच म्हटलंय. ‘यॉन्नॉन्डिओ’ ही तिची कादंबरी १९३० च्या दशकात अर्धवट राहिली होती. जुन्या कागदांत ती सापडली आणि १९७४ मध्ये छापली गेली. ओल्सननं तुकडे जुळवले. नवं वाक्य एकही घातलं नाही.