प्रकाशालाही सम चुकते

परदेशातली संगीत महाविद्यालयं एकमेकांचे विद्यार्थी शिकवायला लागून बरीच वर्षं झाली. टॅलिन, स्टॉकहोम, ल्यों आणि हॅम्बर्ग इथल्या चार संस्था मिळून समकालीन संगीताची एक पदव्युत्तर पदवी देतात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकने तर १९९६ मध्येच, व्हायोलिनवादक पिंकस झुकरमन यांच्या पुढाकाराने, व्हिडिओवरून शिकवणी सुरू केली होती. मग जळगावच्या, साक्रीच्या नाहीतर शहाद्याच्या मुलीला घरबसल्या अशा वर्गात बसता येईल का? येईल की. ऐकता येईल, गाऊन दाखवता येईल, चूक दुरुस्त करून घेता येईल. फक्त गुरूंबरोबर एकाच वेळी गाता-वाजवता येणार नाही, आणि यात दोष नेटच्या पॅकचा नाही.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. (मे महिन्यात जळगावचा पारा ४५ वर गेला की हाच वेग साडेतीनशेच्या वर चढतो, उन्हाळ्याचा तेवढाच फायदा.) भजनाला बसलेल्या मंडळींत टाळकरी पखवाजापासून नऊएक मीटर लांब असेल, तर त्याचा टाळ पखवाजियाच्या कानावर २५ मिलिसेकंद उशिरा पडतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंत वादक हा उशीर नकळत सांभाळून घेतात. त्यापुढे मात्र प्रत्येक जण दुसऱ्यासाठी कणभर थांबू लागतो आणि लय ओढली जाते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे टाळ्यांवर तपासलं. दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत, कानाला हेडफोन, आणि मधला उशीर संशोधकांच्या हातात. उशीर वाढवला की टाळ्या मंदावत गेल्या, हे अपेक्षितच होतं. गंमत पुढे आहे: उशीर अगदीच कमी केला तर लय चढू लागली. ती स्थिर राहिली दहा-बारा मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे समोरासमोर चारेक मीटरवर बसल्यासारखं अंतर असताना.

आता जळगावहून इटलीतलं त्रिएस्त शहर घेऊ. सरळ अंतर सुमारे ६,२०० किलोमीटर. इंटरनेटच्या केबलमधल्या काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला जवळजवळ दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे नुसतं तिथे पोचायला ३१ मिलिसेकंद. सगळी मर्यादा इथेच संपली. शिवाय ही गणितातली सरळ रेषा झाली. खरा मार्ग जळगावहून मुंबई, तिथून समुद्राखालच्या केबलने तांबडा समुद्र आणि इजिप्त ओलांडून युरोप असा वळसे घेत जातो. यातले ३१ मिलिसेकंद तर अशा तंतूतून कोणी कितीही पैसे मोजले तरी कमी होणार नाहीत.

त्रिएस्तचं नाव उगाच घेतलं नाही. तिथल्या तार्तिनी संगीत महाविद्यालयाने इटलीच्या शैक्षणिक नेटवर्कबरोबर ‘लोला’ नावाची प्रणाली तयार केली आणि २०१० मध्ये त्रिएस्त व पॅरिसमधल्या वादकांनी तिच्यावर एकत्र वाजवून दाखवलं. लोला आवाज दाबून लहान करत नाही आणि त्याच्या मागे राहिलेल्या तुकड्यांची वाट पाहत बसत नाही. त्यासाठी संशोधन संस्थांकडे असते तशी भरभक्कम लाइन लागते. पण त्रिएस्त ते पॅरिस हजार किलोमीटरसुद्धा नाही. जळगाव–पुणे, जळगाव–मुंबई हे अंतर तर साडेतीनशेच्या आसपासच, तेव्हा तिथे अशी सोय झाली तर जुगलबंदी खुशाल होऊ शकेल. मला विचाराल तर परदेशी वर्गापेक्षा हे आधी व्हायला हवं.

आपल्या मोबाइलवरच्या मीटिंगचं काम वेगळंच असतं. ते बोलण्यासाठी बेतलेलं. फोनवरच्या संभाषणात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत चालतो, म्हणून ॲप आवाज तुकड्यांत बांधतं, दाबतं, पुढेमागे आलेले तुकडे थोडे थोपवून ओळीने लावतं. वर सतत, एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून तो पुसतं. तानपुरा नेमका तसाच असतो! इकडे तो व्यवस्थित लावलेला, आणि तिकडे गुरूंना कोरडा गळा ऐकू येतो. सातपुड्यातल्या पावरी या फुंकवाद्याचा लांब सूरही असाच कापला जाऊ शकतो. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की ही साफसफाई बरीचशी थांबते.

आपल्या तालमीला हे सगळं सोसतं, कारण तिचा गाभाच पाळीपाळीचा: गुरूंनी जागा घ्यायची, शिष्याने ती तशीच म्हणायची. मधे पाव सेकंद गेला तर काय बिघडतं? अडतं ते साथीपाशी. विलंबित एकतालाची मात्रा चार सेकंदांची असेल तर जाऊन-येऊन पाव सेकंदाचा उशीर म्हणजे मात्रेचा सोळावा भाग. खटकतो, पण निभावतं. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात तोच उशीर पूर्ण एक मात्रा होतो. गुरू समेवर, म्हणजे सोळा मात्रांच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेवर, तर शिष्याचा तबला त्यांना अजून सोळाव्या मात्रेवर ऐकू येणार.

यावर ‘निन्जॅम’ नावाच्या प्रणालीने २००५ मध्ये उलटी वाट काढली: उशीर कमी करायचाच नाही, उलट तो ठरलेल्या मात्रांच्या पूर्ण फेरीएवढा वाढवायचा. मग प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागच्या आवर्तनाबरोबर वाजवतो आणि सम सगळ्यांची जुळते. ही कल्पना आवर्तनात विचार करणाऱ्या आपल्या वादकांना पटकन समजावी. सवाल-जवाबात मात्र ती फारशी कामाची नाही.

तेव्हा अशा वर्गाला बसायचं तर वायफायऐवजी वायर जोडावी, हेडफोन लावावेत आणि तबलजी आपल्याच खोलीत बसवावा. गुरूंना दोघं एकत्रच, एकाच उशिराने ऐकू येतात, त्यामुळे सम सुटत नाही. इटलीत संध्याकाळी सहाला सुरू होणारा वर्ग आपल्याकडे उन्हाळ्यात साडेनऊला आणि हिवाळ्यात रात्री साडेदहाला सुरू होतो. तेवढं तबलजीला आधीच विचारून ठेवलेलं बरं.