दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं? नाही!

‘घरात मराठी, अंगणात कन्नड, पोर गोंधळेल, एकच भाषा ठेवा.’ सीमाभागातल्या आईबापांना दिला जाणारा हा सल्ला चुकीचा आहे.

घोळ मोजणीत होतो. दोन वर्षांच्या मुलाला साधारण ५० शब्द यावेत, असं धरतात. ३० मराठी आणि २५ कन्नड शब्द असतील, तर बेरीज ५५. नुसती मराठी मोजली की मूल उगाच मागे दिसतं.

भाषा मिसळणं म्हणजेही गोंधळ नव्हे. ‘नीरु (कन्नडमध्ये पाणी) सांडलं’ म्हणणारं मूल कन्नड शब्दालाही पाण्याचं नपुंसकलिंग लावतं. किती नेमकं व्याकरण हे!

खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. तेव्हा आधी कानांची तपासणी करा. आजीची मराठी मात्र बंद करू नका.