जेम बांधायचं कुणी? रूबीच्या नेटिव्ह एक्स्टेन्शन्सची पार्श्वभूमी

‘बिल्डिंग नेटिव्ह एक्स्टेन्शन्स. धिस कुड टेक अ व्हाइल...’ रेल्स या रूबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर काही वर्षं काढलेल्या माणसाला ही ओळ झोपेतही ओळखता येईल. जेम, म्हणजे रूबीचं पॅकेज, बसवताना त्यातला सी-सारख्या भाषेत लिहिलेला भाग मशीनवरच कंपाइल करावा (‘बांधावा’) लागतो, तेव्हाची ही ओळ. ती दिसली की चहाला उठायचं, हा शिरस्ता. परत आल्यावर एक तर जेम बसलेलं असायचं, नाही तर ‘फेल्ड टु बिल्ड’ असं लिहून खाली एका लॉग फाइलचा पत्ता दिलेला असायचा. आता नोकोगिरी (एक्सएमएल वाचणारं जेम) किंवा एसक्यूलाइट३ (डेटाबेसचं जेम) चुटकीसरशी बसतं आणि नव्या मुलांना त्यात काही विशेष वाटत नाही. पण ते काम नाहीसं झालेलं नाही. तुमच्या मशीनवरून उचलून ते जेम सांभाळणाऱ्याच्या अंगावर गेलं आहे, आणि त्याला ते झेपावं म्हणून जी यंत्रणा उभी राहिली तिला वीसेक वर्षांचा इतिहास आहे.

युकिहिरो मात्सुमोतो यांची रूबी १९९५ मध्ये लोकांसमोर आली. ती सी भाषेत लिहिलेली, त्यामुळे वेग हवा असेल किंवा आधीच सी-मध्ये असलेली एखादी लायब्ररी वापरायची असेल, तर सी-मध्येच एक्स्टेन्शन लिहायचं, ही वाट पहिल्यापासून मोकळी होती. एक्स्टकॉन्फ नावाची छोटी स्क्रिप्ट चालते, मशीनवर कोणती हेडरं (लायब्ररी वापरायला लागणाऱ्या सी-च्या फाइली) आणि लायब्रऱ्या आहेत ते चाचपते आणि मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या पायऱ्यांची यादी, लिहून देते. पुढचं काम कंपायलरचं. जेम वाटणाऱ्या आणि बसवणाऱ्या रूबीजेम्सचं मूळ काम नोव्हेंबर २००३ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या रूबीकॉन्फमध्ये झालं आणि १४ मार्च २००४ ला, म्हणजे पाय दिवशी, ते जाहीर झालं. त्यानेही हीच रीत उचलली: सोर्स पाठवायचा, बांधणी ज्याची त्याने करायची. युनिक्सच्या जगात कंपायलर घरचाच असल्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते विंडोजवाल्यांना. तिथे रूबी यायची ती वन-क्लिक इन्स्टॉलरमधून, आणि तो बांधलेला होता मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ ६ वर. १९९८ चा हा कंपायलर तोवर बाजारातून गेलेला होता. एक्स्टेन्शन त्याच कंपायलरने बांधायला हवं, आणि कंपायलर तर मिळत नाही! जेमच्या लेखकांपैकी बहुतेक लिनक्स किंवा मॅकवर. विंडोजचं मशीन बाळगण्याची त्यांची इच्छाही नव्हती.

हा पेच सोडवला तो मुख्यतः अर्जेंटिनाच्या लुईस लाव्हेनाने. विंडोजची रूबी त्याने मिंगजीडब्ल्यूवर, म्हणजे जीसीसी या मोफत कंपायलरच्या विंडोज अवतारावर आणली. याचा खरा फायदा वेगळाच निघाला. मिंगजीडब्ल्यूचा कंपायलर लिनक्सवरही चालतो आणि तिथे बसून विंडोजची डीएलएल (तयार लायब्ररी फाइल) तयार करतो. म्हणजे विंडोजला हात न लावता विंडोजचं जेम. २००८ च्या सुमारास लाव्हेनाने हे सगळं रेक-कंपायलर या जेममध्ये बसवलं.

त्यातली एक युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. एक्स्टकॉन्फ ही रूबीची स्क्रिप्ट, म्हणून ती चालवायला रूबी हवी. आणि लिनक्सवर चालणारी रूबी लिनक्सचीच असणार. स्क्रिप्टने विचारलं की आपण कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहोत, कंपायलर कोणता, हेडरं कुठे, तर ती रूबी प्रामाणिकपणे लिनक्सची उत्तरं देणार. रेक-कंपायलर इथे सरळ थाप मारतो. तो ‘फेक.आरबी’ नावाची फाइल तयार करतो (नावातही लपवाछपवी नाही) आणि एक्स्टकॉन्फच्या आधी लोड करतो. तिच्यामुळे चालू रूबीला आपण विंडोजवर आहोत असं वाटू लागतं, आणि कंपायलरपासून फाइलच्या शेपटापर्यंतची सगळी माहिती विंडोजसाठी आधीच बांधून ठेवलेल्या दुसऱ्या रूबीकडून येते. मेकफाइल विंडोजची निघते, मेक लिनक्सवर चालतो. एक मर्यादा मात्र राहते: चाचणीचा छोटा प्रोग्रॅम लिंक होतो का एवढंच पाहता येतं, तो चालवून बघता येत नाही. ज्या एक्स्टकॉन्फमध्ये ‘चालवून बघ’ असं लिहिलेलं असायचं, ती सगळी इथे अडायची.

दुसरी अडचण आवृत्त्यांची. रूबीची आतली बायनरी मांडणी १.८ ची १.९ ला चालत नाही आणि आजही ३.२ ची ३.३ ला चालत नाही. म्हणून एकाच जेममध्ये प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी डिरेक्टरी करून तीन-चार बायनऱ्या (बांधून तयार फाइली) भरायच्या आणि लोड होताना चालू रूबीची आवृत्ती बघून योग्य ती उचलायची, अशी पद्धत पडली. अशा जेमला ‘फॅट जेम’ म्हणतात. अर्थात या प्रत्येक आवृत्तीची विंडोजची रूबी आधी लेखकाच्या मशीनवर बांधलेली हवी.

आरन पॅटरसन आणि माइक डालेसियो यांचं नोकोगिरी २००८ मध्ये आलं आणि २००९ पासून विंडोजसाठी त्याची तयार बायनरी मिळू लागली. गंमत बघा: ज्यांच्या घरी चूल नाही त्यांना डबा पोचत होता, आणि चूल असलेले लिनक्स-मॅकवाले पुढची बारा वर्षं स्वतःच शिजवत बसले. त्यातही एकाच्या मशीनवर नोकोगिरी ज्यावर उभं आहे ते लिबएक्सएमएल२ जुनं, दुसऱ्याकडे त्याची हेडरंच नाहीत, तिसऱ्याच्या मॅकवर दोन वेगळ्या लिबएक्सएमएलची सरमिसळ. २०१३ च्या १.६ आवृत्तीत नोकोगिरीने लिबएक्सएमएल२ आणि लिबएक्सएसएलटीचा सोर्सच सोबत द्यायला सुरुवात केली. तक्रारी कमी झाल्या, पण आता प्रत्येक इन्स्टॉलमध्ये त्या दोन लायब्रऱ्याही पहिल्यापासून बांधल्या जाऊ लागल्या आणि मिनिटं वाढली. चहाचे दिवस ते हेच.

तिकडे रेक-कंपायलर वापरणाऱ्यांची वेगळीच रड होती. क्रॉस कंपायलर (एका सिस्टिमवर बसून दुसरीची बायनरी काढणारा), प्रत्येक रूबीची परकी बांधणी, त्यांचे पॅच, हे सगळं एका लॅपटॉपवर जमवायला दोन दिवस जायचे आणि ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केली की ते मोडायचं. जेमची नवी आवृत्ती अडायची ती कोडमुळे नाही, ज्याच्या मशीनवर विंडोजची बांधणी होते तो माणूस सुट्टीवर गेला म्हणून. यावरचा पहिला उतारा व्हॅग्रंट या व्हर्च्युअल मशीन उभारणाऱ्या साधनाचा: रेक-कंपायलर-डेव्ह-बॉक्स नावाची आयती व्हर्च्युअल मशीन. कल्पना बरोबर, पण मशीन जड, आणि प्रत्येकजण ती आपल्याकडे नव्याने उभी करणार, त्यामुळे आजची आणि सहा महिन्यांपूर्वीची सारखी असेल याची खात्री नाही.

मार्च २०१३ मध्ये सांता क्लाराच्या पायकॉनमध्ये सॉलोमन हाइक्सने पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात डॉकर दाखवलं: प्रोग्रॅमला लागणारं सगळं एका ‘इमेज’मध्ये गोठवायचं आणि तिच्यातून हलका, वेगळा ‘कंटेनर’ चालवायचा. २०१५ मध्ये लार्स कानिसने रेक-कंपायलर-डॉक आणलं. कानिस हा पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीजी जेमचा आणि रूबीइन्स्टॉलरचा सांभाळकर्ता, म्हणजे विंडोजचं दुखणं रोज भोगणारा माणूस. त्याने क्रॉस कंपायलर आणि सगळ्या रूबी आधीच बांधून एका इमेजमध्ये ठेवल्या आणि इमेजला आवृत्ती क्रमांक दिला. रेक-कंपायलर-डॉकची एक आवृत्ती म्हणजे एक इमेज, आणि ती पुन्हा बदलायची नाही. तुमच्या प्रोजेक्टची डिरेक्टरी कंटेनरमध्ये माउंट होते, आत तुमचाच युजर आयडी लागतो, त्यामुळे तयार फाइली रूटच्या नावावर पडत नाहीत. रेकफाइलमध्ये एक ओळ, बस्स. सुरुवात अर्थातच विंडोजने झाली. पुढे लिनक्स आणि मॅक आले आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मची इमेज वेगळी झाली.

कंटेनरचं कौतुक करताना लोक बहुतेक वेळा ‘आयसोलेशन’ म्हणतात. मला वाटतं, या कामात त्याचा खरा उपयोग जुनं मशीन जिवंत ठेवण्याचा आहे. लिनक्ससाठी तयार बायनरी देणं रूबीजेम्सच्या दृष्टीने कधीच अशक्य नव्हतं. प्लॅटफॉर्मचं नाव लिहायला जागा होतीच. अडलं होतं ते जीलिबसीपाशी, म्हणजे बहुतेक लिनक्समधल्या मूळ सी लायब्ररीपाशी.

मेमकॉपीचं उदाहरण घ्या. मेमरीचा तुकडा इकडून तिकडे न्यायचं साधं फंक्शन. दोन्ही जागा एकमेकींवर चढत असतील तर मेमकॉपी वापरू नये, हा सी-चा नियम. पण नियम मोडला तरी बहुधा निभावून जायचं. २०१० मध्ये नव्या प्रोसेसरसाठी जीलिबसीतली मेमकॉपी उलट दिशेने कॉपी करू लागली आणि फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरायला लागला. चूक फ्लॅशची, पण बोंब जीलिबसीच्या नावाने. लिनस टोर्वाल्ड्सही त्या वादात उतरला. शेवटी जीलिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीला नवा आवृत्तीचा शिक्का मिळाला: जुन्या बायनऱ्यांना जुनं, सुरक्षित वागणं, नव्याने लिंक होणाऱ्यांना नवं. परिणाम असा की उबुंटू १२.०४ वर बांधलेल्या, मेमकॉपी वापरणाऱ्या कुठल्याही एक्स्टेन्शनवर ‘२.१४ पाहिजे’ अशी नोंद बसली, आणि जीलिबसी २.१२ असलेल्या सेंटओएस ६ या सर्व्हरवरच्या लिनक्सवर ते लोडच होईना. कोड एका अक्षराने बदललेला नाही, तरीही.

जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर नाही. म्हणून बांधणी जितक्या जुन्या सिस्टिमवर करावी तितकं बरं. पण कंपायलर मात्र नवा हवा, नाही तर आजचा कोड बांधला जाणार नाही. हे कोडं पायथॉनवाल्यांनी आधी सोडवलं. २०१६ मध्ये त्यांनी मेनीलिनक्स१ नावाचा करार ठरवला: सेंटओएस ५ ची डॉकर इमेज, तिच्यात बऱ्यापैकी नवा जीसीसी. नंतर सेंटओएस ६ वरची मेनीलिनक्स२०१०, मग सेंटओएस ७ आणि जीलिबसी २.१७ वरची मेनीलिनक्स२०१४. रेक-कंपायलर-डॉकच्या लिनक्स इमेजेसनी याच पायावर घर बांधलं. रूबीवाले पायथॉनचं नाव फारसं घेत नाहीत, पण हे ऋण मोठं आहे.

मॅकची बाजू थोडक्यात. लिनक्सच्या कंटेनरमध्ये ओएसएक्सक्रॉस हा क्रॉस कंपायलर संच बसवून मॅकच्या बायनऱ्या काढल्या जातात. तांत्रिकदृष्ट्या तो चोख चालतो. पण त्याला ॲपलचा एसडीके (बांधणीचं साहित्य) लागतो, आणि तो ज्यातून येतो त्या एक्सकोडचा परवाना ॲपलच्याच मशीनची भाषा करतो. यावर कुणी फार मोठ्याने बोलत नाही.

३ जानेवारी २०२१ ला नोकोगिरी १.११ आलं, लिनक्स आणि मॅकच्या तयार जेम्ससकट. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचे एम१ मॅक आले होते, तेही त्यात धरलेले. जीआरपीसी आणि प्रोटोबफसारखी जेम्स लिनक्सच्या बायनऱ्या त्याआधीपासूनच देत होती, पण जवळजवळ प्रत्येक रेल्स ॲपमध्ये नोकोगिरी असतं, त्यामुळे खरा फरक तेव्हा जाणवला. आणि त्याबरोबर नवी डोकेदुखीही. ॲपला लागणाऱ्या जेम्सच्या आवृत्त्या ठरवणारा तो बंडलर, आणि त्या लिहून ठेवतो ती लॉकफाइल. डिसेंबर २०२० च्या बंडलर २.२ पासून लॉकफाइलमध्ये प्लॅटफॉर्म नीट नोंदले जाऊ लागले. मॅकवर लॉक केलेलं ॲप लिनक्स सर्व्हरवर टाकलं की बंडलर म्हणायचा, तुमच्या बंडलमध्ये फक्त मॅक आहे, लिनक्स जोडा. त्या वर्षी ‘ॲड-प्लॅटफॉर्म’ ही आज्ञा न शोधलेला रेल्सवाला विरळाच.

अल्पाइन या छोट्या लिनक्सने आणखी एक फट दाखवली. तिथे जीलिबसी नाही, मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे. प्लॅटफॉर्मच्या नावात नुसतं ‘लिनक्स’ असल्यामुळे रूबीजेम्स जीलिबसीची बायनरी खुशाल अल्पाइनवर बसवायचं, आणि चालू करताना ‘एलडी-लिनक्स-एक्स८६-६४’ ही फाइल सापडत नाही असं सांगून प्रोग्रॅम पडायचा. फाइल खरंच नसते. तो जीलिबसीचा लोडर. २०२२ मध्ये रूबीजेम्सला जीएनयू आणि मसल हा भेद कळू लागला आणि २०२४ मध्ये रेक-कंपायलर-डॉकनेही दोन्हीच्या वेगळ्या इमेजेस दिल्या. त्याच वर्षी ३० जूनला सेंटओएस ७ चा अधिकृत आधार संपला. जुनं मशीन जपायचं, पण किती जुनं, हा प्रश्न आता दर काही वर्षांनी येणारच.

विंडोजही स्वस्थ बसलेलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रूबी ३.१ सोबत रूबीइन्स्टॉलर यूसीआरटी या नव्या सी रनटाइमवर गेला आणि आधीची विंडोजची तयार जेम्स नव्या रूबीला चालेनाशी झाली. प्लॅटफॉर्मचं नावच बदललं, सगळ्यांनी पुन्हा बांधणी केली. शिवाय दर २५ डिसेंबरला रूबीची नवी आवृत्ती येते. फॅट जेमच्या मेटाडेटात आवृत्तीची वरची मर्यादा लिहिलेली असते. नाताळातच उत्साहाने रूबी बदलणाऱ्याला तयार जेम मिळत नाही, सोर्स जेम उतरतं.

वापरणाऱ्याचा वेळ वाचला, तो सांभाळणाऱ्याच्या खात्यात गेला. तयार नोकोगिरीच्या पोटात लिबएक्सएमएल२ असतं, म्हणून त्यात सुरक्षेचं भोक सापडलं की सर्व्हरवर ॲप्ट अपग्रेड चालवून भागत नाही. नोकोगिरीचीच नवी आवृत्ती निघावी लागते, सगळ्या प्लॅटफॉर्मसाठी, आणि तीही लवकर. कंटेनरमध्ये बांधलेली मॅकची किंवा विंडोजची बायनरी तिथे चालवून पाहता येत नाही, त्यामुळे लिनक्सवर बांधायचं आणि तयार जेम खऱ्या विंडोज, खऱ्या मॅक, खऱ्या अल्पाइनवर नेऊन चाचण्या चालवायच्या, अशी लांबलचक सीआय (चाचण्या आपोआप चालवणारी व्यवस्था) मांडावी लागते. हे सगळं बहुतेक ठिकाणी एक-दोन माणसं फावल्या वेळात करतात.

गेल्या काही वर्षांत एक्स्टेन्शन्स रस्ट या भाषेतही लिहिली जाऊ लागली आहेत. २०२२ मध्ये रूबीजेम्सला कार्गो या रस्टच्या साधनाने बांधणी करता येऊ लागली, आणि आरबी-सिस या प्रकल्पाने कंटेनरमधल्या क्रॉस बांधणीसाठी रेक-कंपायलर-डॉकच्याच इमेजेसवर रस्ट चढवलं. सर्व्हरवर जीसीसी सापडतो तरी. रस्टचा कंपायलर मात्र क्वचितच असतो. तिथे सोर्स जेम पाठवून ‘तुमचं तुम्ही बांधा’ म्हणण्याची सोयच उरलेली नाही.