बालरोग मानसशास्त्र : चिकित्सालयीन प्रशिक्षणाचे नियोजन

शारीरिक आजारामुळे डॉक्टरांकडे आलेल्या मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना मानसशास्त्रीय मदत देणारी शाखा म्हणजे बालरोग मानसशास्त्र. इंग्रजीतले पीडियाट्रिक सायकॉलॉजी हे नावही मराठीत चालते. बालमानसशास्त्र हा शब्द याहून बराच व्यापक आहे आणि दोहोंची गल्लत नेहमी होते. टाइप १ मधुमेह झालेली मुलगी इन्सुलिन का टाळते, केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला सुई दिसताच काय होते, सर्व तपासण्या ठीक येऊनही पोटदुखी शाळा का बुडवते, हे या शाखेचे प्रश्न. तिचे प्रशिक्षण अमेरिकेत सर्वांत पद्धतशीरपणे बांधले गेले, म्हणून ही नोंद तेथील व्यवस्थेबद्दल आहे.

लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले तेव्हा त्यांच्यापुढे आलेला पहिला रुग्ण शब्दलेखन न जमणारा शाळकरी मुलगा होता. चिकित्सा मानसशास्त्राची सुरुवात अशी मुलापासूनच झाली. पण बालरोग विभागात काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची स्वतंत्र ओळख मांडली गेली ती लोगन राइट यांच्या १९६७ च्या लेखात. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, सोसायटी ऑफ पीडियाट्रिक सायकॉलॉजी स्थापन झाली. १९७६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि आज ही संस्था अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा ५४ वा विभाग आहे. प्रशिक्षणात काय असावे याच्या शिफारशी संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केल्या. मुलांबरोबर काम करणाऱ्या कोणत्याही मानसशास्त्रज्ञाला लागणाऱ्या विषयांखेरीज त्यांत आजाराची प्रक्रिया व वैद्यकीय उपचार यांचे ज्ञान, तसेच इतर विभागांना सल्ला देण्याचे काम यांवर भर आहे.

वाट लांब आहे. पीएचडी किंवा सायडी (मुख्यतः रुग्णसेवेसाठीची मानसशास्त्रातली डॉक्टरेट), त्या काळातली प्रॅक्टिकम म्हणजे शिकता शिकता पर्यवेक्षणाखाली केलेले अर्धवेळ रुग्णकाम, एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप, बहुधा डॉक्टरेटनंतरची एक-दोन वर्षांची फेलोशिप आणि मग व्यवसायाचा परवाना. टप्पे ठरलेले असल्याने नियोजनाला फारसा वाव नाही असे वाटते, पण वाव आहे तो प्रत्येक टप्प्यावर काय उचलायचे यात. फेलोशिप सर्वांत विशेषीकृत असते, म्हणून तिला काय लागेल ते आधी पाहून मागे यायचे, ही रीत उपयोगी पडते. मात्र ती शब्दशः पाळली तर घोटाळा होतो. कर्करोग विभागातच काम करायचे आहे म्हणून पहिल्या प्रॅक्टिकमपासून फक्त कर्करोग विभाग धरणारे विद्यार्थी पुढे अडखळतात.

कारण साधे आहे. चार वर्षांच्या मुलाने औषध थुंकले तर ते वय बोलते आहे की आजार, हे निरोगी मुले पुष्कळ पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिली प्रॅक्टिकम सामान्य बालचिकित्सालयात घ्यावी. तेथे चिंतेवर टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची पद्धत, पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण, बुद्धिमापन आणि शालेय अडचणींची तपासणी हाताखालून जाते. रुग्णालयात हीच कौशल्ये वापरायची असतात, फक्त आठवड्याला तासभर अशा बारा बैठका मिळत नाहीत. कधी एकाच भेटीत, शेजारच्या खाटेवर दुसरे मूल रडत असताना, काम उरकावे लागते.

रुग्णालयातली प्रॅक्टिकम त्यानंतरची. तेथली काही कामे ऐकायला किरकोळ वाटतात. गोळी गिळता न येणाऱ्या मुलाला आधी अगदी बारीक मिठाईचा दाणा, मग जरा मोठा, असे करत गोळीच्या आकारापर्यंत आणायचे. शौच रोखून धरणाऱ्या मुलासाठी जेवणानंतर शौचालयात बसण्याचे वेळापत्रक आणि बक्षीस ठरवायचे, आणि त्याच वेळी बद्धकोष्ठतेचे औषध चालू आहे ना याची डॉक्टरांकडून खात्री करायची. या किरकोळ कामांतूनच बालरोगतज्ज्ञांचा विश्वास बसतो. बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण असे दोन्ही अनुभव घेतलेले बरे. आंतररुग्ण विभागातल्या सल्ला-समन्वय सेवेत, म्हणजे इतर विभागांनी बोलावल्यावर जाऊन सल्ला देण्याच्या कामात, बोलावणे येते तेव्हा ‘मूल सहकार्य करत नाही’ एवढेच चिठ्ठीवर असते. प्रश्न नेमका कोणाचा आहे, परिचारिकेचा, आईचा की मुलाचा, हे शोधणे हे पहिले काम. नोंदही सहा ओळींत आणि सर्जनला समजेल अशी लिहावी लागते. विद्यापीठात वीस पानी अहवाल लिहून आलेल्यांना हे सर्वांत जड जाते.

शिकण्यासाठी कोणती मुले घ्यायची हे ठरवतानाही तारतम्य हवे. मानसशास्त्रज्ञ अॅन कझाक यांच्या प्रारूपात आजारी मुलांच्या कुटुंबांचे तीन स्तर मानले आहेत : बहुतेक कुटुंबे ताण असूनही सावरतात, काहींना लक्ष्यित मदत लागते आणि थोड्यांनाच तीव्र त्रास असतो. शिकाऊ माणसाच्या वाट्याला तिसऱ्या स्तरातली अवघड प्रकरणेच आली तर सावरणारी कुटुंबे कशी दिसतात हे तो शिकतच नाही.

इंटर्नशिपच्या अर्जात थेट उपचार, चाचण्या आणि पर्यवेक्षण यांचे तास वेगवेगळे नोंदवावे लागतात. त्यामुळे तासांची चढाओढ लागते. ती बव्हंशी व्यर्थ आहे. पुरेशा तासांनंतर निवड करणारे पाहतात ते अनुभवात काही धागा दिसतो का, आणि पर्यवेक्षकाने पत्रात काय लिहिले आहे. नोंदी मात्र पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात, चार वर्षांनी आठवून तास लिहिणे हा छळ असतो. मुलाखती साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात. पूर्वी ठरलेल्या दिवशी फोनवरून जागा देण्या-घेण्याची धांदल चाले. १९९९ पासून संगणकीय मॅच, म्हणजे जोड्या लावण्याची पद्धत, आली. उमेदवार आणि केंद्रे आपापली क्रमवारी देतात आणि निकाल दोघांनाही बंधनकारक असतो. ‘तिथे आपल्याला घेणार नाहीत’ म्हणून आवडते केंद्र खाली ढकलण्याचा मोह होतो, पण या गणिती पद्धतीत त्याचा काही फायदा नाही. खऱ्या पसंतीचाच क्रम द्यावा. बालरुग्णालयांतल्या इंटर्नशिपमध्ये रोटेशने, म्हणजे एकेका विभागातल्या कामाच्या पाळ्या, बदलत जातात. त्यांतले एखादे अजिबात न केलेल्या आजाराचे घ्यावे.

फेलोशिपमध्ये मात्र अरुंद व्हायला हरकत नाही. अवयवरोपण, वेदना, आहारसमस्या किंवा रक्तविकार असा एकच विभाग वर्ष-दोन वर्षे धरता येतो. संशोधनाकडे जायचे असेल तर त्यासाठी राखीव वेळ लेखी ठरवून घ्यावा, नाहीतर रुग्णसेवा तो गिळते. परवान्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. डॉक्टरेटनंतरच्या पर्यवेक्षित तासांची अट काही राज्यांनी काढली आहे, काहींनी ठेवली आहे. त्यामुळे कोठे स्थायिक व्हायचे ते पक्के नसेल तर कडक अट असलेल्या राज्याच्या हिशेबाने तास आणि पर्यवेक्षकाच्या सह्या जमवून ठेवतात.